बाइंडरबुवांची सात पुस्तकं

चौदा मार्च, चारशे ऐंशी फक्त. वर्षभराच्या व्हाउचरांचे आठ गठ्ठे बांधून दिल्याबद्दल बाइंडरला रोख अदा. व्हाउचर माझ्या हातचं आहे, त्यामुळे तारीख आणि रक्कम दोन्ही पक्की. त्या दिवशी बाइंडरबुवांनी पैसे न मोजता खिशात टाकले. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"एनएलपी शिकायला कोणती पुस्तकं वाचावी लागतात?"

शेजारच्या खिडकीतून कॅशियरने मान बाहेर काढली. "बुवा, ते काय असतं हे तरी ठाऊक आहे का?"

"नाही. ठाऊक असतं तर पुस्तकं कशाला विचारली असती?"

कॅशियरची मान आत गेली.

मी एका विमा कंपनीच्या कार्यालयात हिशोब विभाग सांभाळतो. बुवांचं दुकान आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत, टाइपरायटर दुरुस्तीच्या बंद पडलेल्या दुकानाला लागून. दहा बाय बाराची खोली. दारातच लोखंडी दाबयंत्र, त्याचं चाक ट्रकच्या स्टिअरिंगएवढं. एका भिंतीला पुठ्ठे उभे केलेले, दुसऱ्या भिंतीला रेग्झिनच्या गुंडाळ्या. मधल्या बुटक्या टेबलावर खळीचं भांडं, टोचा, दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी. ही पट्टी त्यांच्या वडिलांची होती. वापरून वापरून तिच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा पडला होता. बुवा राहायचे वरच्याच खोलीत.

शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी मात्र बऱ्यापैकी वाचता यायचं, कारण मुलीच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालण्याआधी प्रत्येक पुस्तक ते स्वतः वाचून काढत. आत काय आहे ते न बघता बांधू कसं, असं त्यांचं म्हणणं. आमची व्हाउचरंही ते वाचतात की काय, अशी मला शंका होती. एकदा त्यांनी प्रवासभत्त्याचं एक व्हाउचर गठ्ठ्यातून बाजूला काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हे दोनदा लागलंय." खरंच दोनदा लागलं होतं. दोन लेखापरीक्षकांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

मुलीला ते कात्रण म्हणत. लहानपणी ती काडीसारखी बारीक होती आणि दिवसभर टेबलाखाली कागदाच्या कातरलेल्या पट्ट्यांच्या ढिगात खेळत बसायची. संध्याकाळी पट्ट्या पोत्यात भरताना तिला शोधून बाहेर काढावी लागे. कात्रण हुशार निघाली. संगणकाचं शिकायला दूरच्या शहरात गेली. तिच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना बुवांची बायको आजारी पडली आणि एकोणीस दिवसांत गेली.

त्या एकोणीस दिवसांत तीन रविवार आले. दर रविवारी सकाळी दहाला मुलीचा फोन यायचा. पहिल्या रविवारी बुवांनी सांगितलं, आई शेजारी गेलीय. दुसऱ्या रविवारी, आई झोपलीय. तिसऱ्या रविवारी, आई बरी आहे, तू पेपर नीट लिही. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी त्यांनी खरं काय ते सांगितलं. ती येऊन पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिने विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

बुवा म्हणाले, "तुझी परीक्षा होती. म्हटलं कशाला."

याला पाच वर्षं झाली होती. मुलगी नोकरीला लागली. रविवारचा फोन तिने कधी चुकवला नाही, पण तो दोन मिनिटांचा असायचा. जेवलात का, गोळ्या घेताय ना, पैसे पोचले का, ठेवते. बुवा म्हणायचे, साहेब, माझ्याशी बोलते, पण पावती फाडल्यासारखं. त्या मार्चमधल्या रविवारी त्यांनी घाईघाईने मध्येच विचारलं होतं, तू नेमकं काम काय करतेस गं?

"ती म्हणाली, एनएलपी. तुम्हाला नाही कळायचं, बाबा. मी म्हटलं, कळून घेतो की, पुस्तकं असतीलच ना त्याची."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, बघू."

आता माझा भाग. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयाने सगळ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग, म्हणजेच एनएलपी. नुकसानभरपाई मागायला येणारे लोक चिडलेले असतात, त्यांच्याशी बोलायचं कसं, यासाठी. माणूस कसा बोलतो, बोलताना काय गाळतो, कसा बसतो, कसा श्वास घेतो, हे पाहून त्याच्या मनाशी कसं जुळवून घ्यायचं, असा त्याचा साधारण आशय. शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी एक कागद वाटला होता. वर लिहिलेलं, ‘पुढील अभ्यासासाठी वाचावीत अशी पुस्तकं’, आणि खाली क्रमांक घालून सात नावं. इतरांनी त्या कागदावर चहाचे कप ठेवले. मी तो विषयवार फाइलला लावला होता.

मी फाइल काढली, कागदाची झेरॉक्स काढली, वर लाल शाईने ‘क्रमानेच वाचावीत’ असं लिहिलं आणि बुवांच्या हातात दिली. नावात प्रोग्रामिंग होतं, मुलगी संगणकातली होती. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजू जुळत होत्या. उलटून एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही.

बुवांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "सातच? मी म्हटलं पन्नासेक तरी असतील."

नवी पुस्तकं त्यांना परवडणारी नव्हती. पण जुनी पुस्तकं विकणारे, वाचनालयांचे कारकून, रद्दीवाले, सगळे त्यांचे ओळखीचे. महिनाभरात पहिली तीन हाती आली. पाठ सुटलेली, वाळवीने कडा खाल्लेली, एकाला तर पहिली आठ पानंच नव्हती.

त्यांची वाचायची रीत मी आणखी कुणाची पाहिलेली नाही. पुस्तक आणलं की ते आधी त्याची शिवण उसवत. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनलेलं असतं, त्या घडीला ते फर्मा म्हणत. एक फर्मा सोडवून खिशात घालायचा, आठवडाभर तेवढाच वाचायचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब. शनिवारी टिंबं मोजायची आणि मुलीचा शाळेतला शब्दकोश घेऊन बसायचं. सगळे फर्मे वाचून झाले की पुन्हा शिवायचे, नवा पुठ्ठा, गडद हिरवं रेग्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरांत एनएलपी आणि खाली आकडा. मुलीला एकदम सातही द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"एवढं जाडजूड पुस्तक बघितलं की छाती दडपते साहेब. सोळा पानं कुणालाही वाचता येतात."

पहिलं पुस्तक पातळ होतं, विषयाची ओळख करून देणारं. ते एप्रिलअखेर संपलं. दुसरं शब्दांबद्दल होतं आणि ते बुवांना सगळ्यांत आवडलं. माणूस बोलताना अर्धं गिळतो. ‘लोक म्हणतात’ म्हणतो, पण कोण लोक ते सांगत नाही. ‘नेहमी’ म्हणतो, पण किती वेळा ते सांगत नाही. तेव्हा आपण सौम्य आवाजात विचारायचं: नेमकं कोण? नेमकं कधी? नेमकं कुणाला? बुवांनी हा ‘नेमकं’ शब्द उचलला आणि आमच्या कार्यालयावर सोडला.

कॅशियर म्हणाला, "बुवा, तुमचं बिल अडकलंय."

"कुणी अडकवलंय?"

"म्हणजे... वरून अडकलंय."

"वरून म्हणजे नेमकं कुणी?"

कॅशियरने ड्रॉवर उघडला, बिल काढलं आणि पैसे दिले. "हे असलं वाचत जाऊ नका हो," तो म्हणाला. "माणसाला जगू द्याल की नाही?"

तिसऱ्या पुस्तकात समोरच्यासारखं बसायचं, त्याच्या श्वासाशी श्वास जुळवायचा, असं होतं. त्याचा सराव त्यांनी कॅशियरवरच केला. कॅशियरने कान खाजवला की बुवा कान खाजवत. तो खुर्चीत रेलला की हे स्टुलावर रेलत, आणि स्टुलाला पाठ नसते. दोनदा पडता पडता वाचले. तिसऱ्या दिवशी कॅशियर माझ्याकडे आला. "साहेब, हा माणूस माझी नक्कल करतोय की मला काही झालंय?"

याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. काही माणसं म्हणे चित्रांत विचार करतात आणि त्यांच्या बोलण्यात पाहण्याचे शब्द जास्त येतात, काही ऐकण्याचे शब्द वापरतात, काही स्पर्शाचे. ज्याचे जे शब्द, त्यांतच त्याच्याशी बोलावं. हे तपासून पाहिलं तर फारसं टिकत नाही, असं मी नंतर कुठेतरी वाचलं. पण बुवांनी चार रविवार कागद-पेन्सिल घेऊन मुलीचे शब्द टिपले आणि यादी मला आणून दाखवली.

"बघा. बघू अकरा वेळा. बघते सहा वेळा. बघूया दोनदा. पोरगी पाहण्यातली आहे साहेब. आणि मी आजवर तिला नुसतं ‘ऐक माझं, ऐक माझं’ करत होतो."

कॅशियर न राहवून बोललाच. "अहो बुवा, बघू म्हणजे नाही. तीस वर्षं या खिडकीत बसून मी दुसरं काय म्हणतोय लोकांना? बघू म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"तुमचं बघू वेगळं," बुवा म्हणाले. "तुम्ही मान खाली घालून म्हणता."

तेव्हापासून रविवारी ते मुलीला दिसणाऱ्या गोष्टी सांगू लागले. आज दुकानात ऊन दाबयंत्राच्या चाकापर्यंत आलंय. समोरच्यांनी दाराला पोपटी रंग दिलाय, बघवत नाही. तुझ्या आईची निळी बरणी खिडकीत ठेवलीय, दहाच्या उन्हात तिची सावली पण निळी पडते. मुलगी आधी गप्प राहायची. मग एकदा तिने विचारलं, बरणीचं झाकण आहे का अजून? त्या दिवशी फोन चार मिनिटं चालला. ऑगस्टमध्ये सात मिनिटं. पुस्तकाचा गुण म्हणा, नाहीतर एक म्हातारा पहिल्यांदा इतकं मन लावून बोलत होता त्याचा म्हणा. मला तेव्हा फरक कळत नव्हता, आजही कळत नाही.

सप्टेंबरात माझी भाची सुट्टीला आली. तीही संगणकच शिकते. जेवताना मी कौतुकाने बुवांची गोष्ट सांगितली. तिने घास खाली ठेवला.

"मामा, त्यांची मुलगी ज्या एनएलपीत आहे ते हे नव्हे. ते म्हणजे संगणकाला माणसांची भाषा समजायला शिकवणं. आद्याक्षरं तेवढी सारखी. तुम्ही त्यांना भलतीच यादी दिलीत."

"नक्की?"

"मामा, मी हेच शिकते."

सारख्या आद्याक्षरांच्या दोन विमेदारांपैकी एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणं, ही आमच्या विभागातली सगळ्यांत जुनी चूक. ती पकडायला मी तीस वर्षं नवशिक्यांना शिकवत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सांगायचंच ठरवून गल्लीत गेलो. बुवा चौथं पुस्तक उसवत होते. मला पाहिल्यावर टोचा खाली ठेवला आणि माझ्या आधी तेच बोलले.

"साहेब, काल अकरा मिनिटं. आणि हसली. कॅशियर माझ्यावर कसा वैतागला ते सांगितलं तर हसली. पाच वर्षांत हसली नव्हती हो. मी मुद्दाम विचारलं नाही, पण शेवटी तीच म्हणाली, बाबा, पुस्तकं खरंच वाचताय की काय? मी म्हटलं, येशील तेव्हा दाखवीन."

मी त्या स्टुलावर बसलो. चहा झाला. मी म्हटलं, "बुवा, इथून पुढच्या चार पुस्तकांच्या बांधणीचा खर्च माझा. पुठ्ठा, रेग्झिन, मजुरी, सगळं. माझ्याकडून मुलीला भेट समजा."

"ते का?"

"यादी माझी ना."

त्यांनी हिशोब करून पुस्तकामागे साठ सांगितले, आणि मी कबूल केले. उठून परत आलो. पुढच्या आठवड्यात सांगू, असं वाटेत स्वतःशी म्हटलं. असे चाळीस आठवडे गेले.

चौथं पुस्तक नजर कुठे वळते त्यावरून मनातलं ओळखण्याचं होतं, ते त्यांना पटलं नाही. फोनवर डोळे दिसत नाहीत, म्हणाले. पाचव्यात असं होतं, की एखादी चांगली भावना एखाद्या स्पर्शाला जोडून ठेवायची, म्हणजे तो स्पर्श केला की भावना परत येते. "हे बांधायचंच काम आहे, हे मला जमेल," ते म्हणाले, आणि मुलगी फोनवर हसली की हाडाच्या पट्टीच्या खळग्यात अंगठा दाबायला लागले. सहाव्यात घडून गेलेल्या गोष्टीला वेगळी चौकट घालून पाहायला सांगितलं होतं. ते पुस्तक त्यांनी दोन महिने घेतलं.

"तिच्या आईच्या वेळचं सगळं मी या चौकटीत घालून बघितलं साहेब. मी मुलीच्या भल्यासाठी केलं, असं. बसत नाही. कुठेतरी पुठ्ठा अपुरा पडतो."

"कुठे?"

"तेच सापडत नाही."

जूनमध्ये मुलीने कळवलं, की कंपनी तिला आणखी दूर, दुसऱ्या देशात पाठवते आहे. तीन वर्षांचा करार. जाण्याआधी जन्माचा दाखला आणि शाळेची कागदपत्रं न्यायला ती बारा जुलैला येईल, सकाळी अकराला पोचून तीनच्या गाडीने परत. बुवांनी सातवं पुस्तक पंधरा दिवसांत वाचलं. आयुष्यात इतक्या वेगाने त्यांनी काही वाचलं नसेल. मला म्हणाले, "तुम्ही यायचंच. तीन वर्षांची सोय चार तासांत करायची आहे, मला एकट्याला झेपायचं नाही. आणि यादी तुमची आहे."

त्या शनिवारी मी साडेअकराला गेलो. सातव्याचे साठ पाकिटात घालून नेले होते. दुकान झाडून घेतलेलं, कागदाचा एक कपटा नाही. बुटक्या टेबलावर सात हिरवी पुस्तकं, पाठी एका रेषेत. मुलगी स्टुलावर बसली होती. बारीकच होती अजून. माझ्यासाठी उठायला लागली, मी बस म्हटलं.

"हे आमचे साहेब," बुवा म्हणाले.

"माहीत आहे. दर रविवारी असता तुम्ही फोनवर, काका."

बुवा तिच्यासारखेच बसले होते, गुडघ्यावर हात, मान किंचित तिरकी. मग त्यांनी पहिलं पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं. "तुझा विषय. सातही वाचली. परीक्षा घे हवी तर."

तिने पुस्तक उघडलं. बांधणीवरून बोट फिरवलं आधी, मग पान वाचलं. दुसरं पुस्तक घेतलं, मग पाचवं. पेन्सिलीची टिंबं तिला दिसली असणार, कारण बराच वेळ ती एकाच पानावर होती.

"बाबा," ती म्हणाली, "हा माझा विषय नाहीये."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. फार हळू, एकेक शब्द निवडून सांगितलं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"म्हणजे सोळा महिने मी दुसऱ्याच वर्गात बसलो होतो. आणि मास्तरांनी एकदाही बाहेर काढलं नाही."

मुलगीही हसली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बुवांचा अंगठा पट्टीकडे गेला ते मी पाहिलं. सगळं तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. हसत हसतच ती माझ्याकडे वळली.

"काका, यादी तुम्ही दिलीत ना? म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"सुरुवातीला नव्हतं," मी म्हटलं.

खोटं बोलायचं नाही म्हणून मी तो शब्द घातला होता. कॅशियरच्या कानावरून तो निघून गेला असता. बुवांनी दुसरं पुस्तक मात्र दोनदा वाचलं होतं.

"सुरुवातीला म्हणजे नेमकं कधीपर्यंत, साहेब?"

"सप्टेंबरपर्यंत."

"चौथं पुस्तक सप्टेंबरात उसवलं मी."

"हो."

"तुम्ही आला होतात त्या दिवशी. खर्च माझा म्हणालात."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही खुशीत होता बुवा. फोन लांबत होते. म्हटलं कशाला."

"काय कशाला?"

"उगाच त्रास."

"त्रास नेमका कुणाला?"

त्यांचा आवाज सौम्य होता, पुस्तकात सांगितलेला तसा. उत्तर एकच होतं आणि ते तिघांनाही माहीत होतं. सांगायचा त्रास मला होता.

मुलीने हातातलं पुस्तक बंद करून बाकीच्या सहांच्या रेषेत ठेवलं. "बाबा, मी तुम्हाला तेव्हा हेच विचारत होते."

"हो."

"तुम्हीही असंच म्हणाला होतात. म्हटलं कशाला."

"हो," बुवा म्हणाले. "आता ऐकू आलं."

"तिसऱ्या रविवारी मी आईला फोन द्या म्हटलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"ती तेव्हा बोलू शकत होती का?"

"थोडं," ते म्हणाले. "तुझं नाव घेत होती."

ती उठली. पाठमोरी उभी राहून खिडकीतली निळी बरणी हातात घेतली, झाकण लावून पाहिलं, पुन्हा जागच्या जागी ठेवली. सव्वाबारा वाजले होते. गाडी तीनची होती. तिने कागदपत्रांची पिशवी बॅगेत सारली आणि बॅग बंद केली.

"थोडी थांब," बुवा म्हणाले. "जेवून जा."

"बघू," ती म्हणाली. मान खाली घालून.

दारातल्या दाबयंत्राच्या बाजूने बॅग काढताना ती चाकाला लागली. बुवा मदतीला उठले, तोवर ती गल्लीत पोचली होती. पुस्तकं टेबलावर तशीच राहिली. बुवा परत येऊन बसले आणि हाडाच्या पट्टीच्या खळग्यात अंगठा दाबून धरला, नख पांढरं होईपर्यंत. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काही वेळाने मी निघालो. पाकीट खिशातच राहिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते घेऊन पुन्हा गेलो. बुवा कुणाच्या तरी पावतीपुस्तकांना खळ लावत होते. सात पुस्तकं वर फळीवर गेली होती. रविवारचा फोन आला का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच सांगितलं.

"आला होता. मी तिला सांगितलं, मी चुकलो, मी तुला बोलवायला हवं होतं. परीक्षा गेली असती तर गेली असती. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती म्हणाली, बरं. दोन मिनिटं झाली आणि ठेवला."

"बुवा, मीही चुकलो."

"हो."

मी पाकीट पुढे केलं. "सातव्याचे साठ."

त्यांनी ब्रश भांड्यात ठेवला. हात पुसले, पण पाकीट घेतलं नाही.

"राहू द्या साहेब. मला तुमचा राग आलाय. आला नाही म्हटलं तर पुन्हा तेच व्हायचं. तुम्ही माणूस वाईट नाही, तेवीस वर्षं बघतोय. भल्यासाठीच केलंत. हे सगळं मला कळतं, तरी राग आहे. तेव्हा म्हटलं, आपण आता हा राग मोजू. माझा तुमच्यावरचा किती दिवसांत जातो बघू. तुमची माझी ओळख कामापुरती आणि तुम्ही लपवलं ते एका यादीचं. तिची मी आईच लपवली. माझा गेला की तिचा जायला किती वर्षं लागतील, त्याचा काहीतरी अंदाज येईल. पुस्तकात नाहीये हे, माझं मीच काढलंय."

"तुमचा गेला, हे मला कळणार कसं?"

"साठ न्यायला येईन तेव्हा समजा."

त्यांनी ब्रश उचलला. मी थोडा वेळ दारात थांबलो आणि परत आलो.

त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणं टाळतो. आमचं काम बुवा अजूनही करतात. या वर्षीचे व्हाउचरांचे गठ्ठे त्यांनी बांधून शिपायाच्या हाती पाठवले, बिलही त्याच्याच हाती. गठ्ठे पूर्वीसारखेच चौकोनी, कडा एका रेषेत. बिल तपासलं. त्यात गठ्ठ्यांपलीकडे काही लावलेलं नव्हतं. कॅशियर मध्ये एकदा म्हणाला, "बुवा वर येत नाहीत हल्ली. माझी नक्कल करायला तरी यावं माणसाने." मुलगी गेली, तिचा रविवारचा फोन तिकडूनही येतो, असं शिपाई सांगतो. किती मिनिटांचा, ते त्याला ठाऊक नाही.

मी येत्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो आहे. खुर्ची सोडण्याआधी येणी-देणी मिटवण्याची पद्धत आहे, त्याप्रमाणे बाकी सगळं मिटवलं. तो बारा जुलै होऊन आता एक वर्ष चार महिने झाले. सातव्या पुस्तकाच्या बांधणीचे साठ द्यायचे बाकी आहेत.